विल्यम्सबर्ग पुलावरची दोन वर्षे : टेनर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स यांच्या स्वेच्छाविरामाचा प्रकरण अभ्यास

१९५९ च्या उन्हाळ्यात, वयाची एकोणतीस वर्षेही पुरी झालेली नसताना, न्यूयॉर्कचे जॅझमधले टेनर (म्हणजे खालच्या पट्टीच्या, मोठ्या) सॅक्सोफोनचे वादक सनी रॉलिन्स यांनी जाहीर कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रण दोन्ही थांबवले. हा निर्णय अपयशातून आलेला नव्हता. टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या तरुण पिढीत त्यांचे स्थान तेव्हा अगदी पुढचे होते, क्लबांची बोलावणी येत होती, समीक्षक त्यांच्या वादनाची बारकाईने उकल करत होते. तरीही नोव्हेंबर १९६१ पर्यंत ते रंगमंचावर आले नाहीत आणि या काळातला मोठा भाग त्यांनी ईस्ट रिव्हरवरच्या विल्यम्सबर्ग पुलावर, आगगाड्यांच्या खडखडाटात रियाज करण्यात घालवला.

या घटनेची जॅझच्या जगात दंतकथा झाली आहे. दंतकथेत रात्र, पूल आणि एकटा वादक एवढेच उरते; त्या माणसाला नेमके काय खुपत होते, त्याने त्यावर कोणता उपाय योजला आणि तो कितपत लागू पडला, हे मागे पडते. मला या प्रकरणात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. यशाच्या मध्यावर थांबून आपल्या विद्येचा पाया तपासणारे कलावंत कोणत्याही परंपरेत थोडेच असतात, आणि ज्यांच्या अशा थांबण्याचा आधीचा आणि नंतरचा पुरावा ध्वनिमुद्रणांच्या रूपाने आपल्यासमोर आहे असे तर त्याहून थोडे.

घडण

वॉल्टर थिओडोर रॉलिन्स यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले होते, त्यामुळे घरात कॅलिप्सो या तिथल्या लोकसंगीतातल्या चाली कानावर पडत. बालपण हार्लेममध्ये गेले. त्या वस्तीतल्या शुगर हिल भागात नामवंत कृष्णवर्णीय कलावंत राहत, आणि टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये पहिल्यांदा मानाचे स्थान मिळवून देणारे कोलमन हॉकिन्स हेही त्याच परिसरात राहत असत. रॉलिन्स यांचा पहिला सॅक्सोफोन आल्टो, म्हणजे टेनरहून लहान आणि वरच्या पट्टीचा, होता. सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डन यांच्या वादनाचे त्यांना वेड होते. १९४६ च्या सुमारास हॉकिन्स यांच्या प्रभावाने ते टेनरकडे वळले. जॅकी मॅक्लीन, केनी ड्रू, आर्ट टेलर ही पुढे नावारूपाला आलेली मंडळी त्यांच्याच शेजारपाजारची मुले होती. पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या घरी होणाऱ्या तालमींना हा मुलगा हजर राहू लागला, आणि १९४९ मध्ये, अठराव्या वर्षी, पियानोवादक बड पॉवेल यांच्यासोबत त्याचे ध्वनिमुद्रणही झाले.

त्यानंतरची काही वर्षे वाईट गेली. त्या पिढीतल्या अनेक वादकांप्रमाणे रॉलिन्स हेरॉइनच्या आहारी गेले, १९५० मध्ये सशस्त्र दरोड्याच्या आरोपाखाली पकडले गेले आणि रायकर्स बेटावरच्या तुरुंगात त्यांनी दहा महिने काढले. सुटकेनंतर पुन्हा घसरण झाली. याच काळात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासाठी त्यांनी १९५४ मध्ये ‘ओलिओ’, ‘डॉक्सी’ आणि ‘एअरेजिन’ या रचना दिल्या, ज्या आजही जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाला वाजवाव्या लागतात. १९५५ मध्ये ते स्वतःहून केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात दाखल झाले आणि व्यसनातून बाहेर पडले. रुग्णालयातून निघाल्यावर ते थेट संगीताकडे परतले नाहीत, हे पुढच्या घटनेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिकागोमध्ये त्यांनी साफसफाईसारखी अंगमेहनतीची कामे केली, क्लबांपासून आणि तिथल्या मोहापासून काही काळ अंतर राखले, आणि मनाची खात्री पटल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ते ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन व ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या पंचकात सामील झाले. स्वतःला बाजूला काढून दुरुस्त करायचे आणि मगच लोकांसमोर यायचे, ही त्यांची रीत पुलावर जन्माला आलेली नाही. तिचा पहिला प्रयोग शिकागोत झाला होता.

ब्राउन व्यसनांपासून पूर्ण दूर असत आणि तरीही अव्वल दर्जाचे वाजवत, याचा रॉलिन्स यांच्यावर खोल परिणाम झाला. २६ जून १९५६ रोजी मोटार अपघातात ब्राउन गेले. त्याआधी चारच दिवस, २२ जून रोजी, रॉलिन्स यांनी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही ध्वनिमुद्रिका केली होती.

वादनशैली

रॉलिन्स यांचे टेनर ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो सुराचा भरीवपणा. हॉकिन्स यांच्याकडून आलेला रुंद, छातीतून निघाल्यासारखा नाद आणि आल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्याकडून आलेली चपळ, तिरकस लयीची वाक्ये यांचा मेळ त्यांनी घातला. मात्र त्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या लयीत आहे. एकच स्वर घेऊन तो वेगवेगळ्या आघातांनी ठोकत राहणे, मात्रेच्या किंचित मागे रेंगाळून एकदम पुढे झेप घेणे, ऐन रंगात असताना थांबून ड्रमवादकाला मोकळी जागा देणे आणि मग भलत्याच ठिकाणाहून वाक्य उचलणे, या गोष्टी ते अशा सहजतेने करतात की सॅक्सोफोन हे आधी तालवाद्य आणि मग सुषिरवाद्य वाटावे. ‘सेंट थॉमस’ या कॅलिप्सोत हे स्पष्ट ऐकू येते. आईकडून लहानपणी कानावर पडलेल्या चालीवर बेतलेल्या या रचनेत त्यांचा सोलो, म्हणजे एकल विस्तार, दोनच स्वरांच्या एका छोट्या तुकड्याने सुरू होतो; तो तुकडा ते उलटसुलट करतात, त्याच्यातले अंतर वाढवतात, त्याला नवे शेपूट जोडतात, आणि श्रोत्याला तो ओळखीचा झाला की मगच सोडून देतात.

दुसरे वैशिष्ट्य या तुकड्याच्याच वाढीत आहे. त्या काळी जॅझमधला सोलो बहुधा रचनेच्या स्वरसंगतीवर, म्हणजे क्रमाने येणाऱ्या कॉर्डवर (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर), नवनव्या वाक्यांची ओळ रचत जाई. मूळ चाल सुरुवातीला आणि शेवटी वाजली की तिचे काम संपले. रॉलिन्स चालीला सोडत नाहीत. ‘सॅक्सोफोन कोलोसस’मधली ‘ब्लू सेव्हन’ ही अकरा मिनिटांहून मोठी रचना डग वॉटकिन्स यांच्या एकट्या बेसने सुरू होते. त्यावर रॉलिन्स संदिग्ध वळणाची, कोणत्या स्वरावर टेकते ते पटकन न सांगणारी एक आटोपशीर चाल मांडतात आणि त्यानंतरच्या सगळ्या विस्तारात तिच्यातले स्वरसमूह परत परत नव्या रूपात आणतात. ख्यालात मुखड्याला धरून होणारी बढत ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही विचारपद्धती परकी वाटणार नाही, जरी तिचे नियम आणि तिचा वेग पूर्णपणे वेगळे आहेत. रोच यांचा ड्रमवरचा सोलोही याच तुकड्यांच्या लयीतून निघतो. म्हणून ही रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच विचाराची वाटते.

तिसरी गोष्ट त्रिकुटाची. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला केलेल्या ‘वे आउट वेस्ट’मध्ये रॉलिन्स यांनी पियानो काढून टाकला, साथीला फक्त रे ब्राउन यांचा बेस आणि शेली मॅन यांचे ड्रम. तिन्ही वादक इतर कामांत गुंतलेले असल्याने हे ध्वनिमुद्रण पहाटे तीन वाजता सुरू झाले होते. त्यातली गाणी काउबॉय चित्रपटांच्या वळणाची, गंभीर जॅझवादकाने हात लावू नये अशी समजली जाणारी. रॉलिन्स यांनी ती मनापासून वाजवली. पियानो नसला की कॉर्ड भरून देणारे कोणी उरत नाही. बेस तळाचा स्वर देतो, ड्रम चाल देतात, पण रचना या क्षणी कुठे आहे हे सॅक्सोफोनवादकालाच आपल्या एकेका स्वरातून सुचवत राहावे लागते. स्वातंत्र्य मिळते तसा भारही पडतो, कारण श्वास घ्यायला थांबले की मागे आडोसा नसतो. नोव्हेंबर १९५७ मध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबात झालेल्या थेट ध्वनिमुद्रणात हा भार ते किती दिमाखाने पेलतात ते ऐकावे. १९५८ ची ‘फ्रीडम सूट’ही त्रिकुटाचीच, ऑस्कर पेटीफोर्ड आणि मॅक्स रोच यांच्यासह, तिच्या वेष्टनावर रॉलिन्स यांनी अमेरिकन संस्कृतीतले कृष्णवर्णीयांचे योगदान आणि त्यांच्या वाट्याला येणारा अन्याय यांविषयी स्वतःच्या नावाने स्पष्ट निवेदन छापले, तेही नागरी हक्कांची चळवळ अजून जोर धरत असताना.

थांबण्याची कारणे

नोव्हेंबर १९५८ मध्ये संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी ‘ब्लू सेव्हन’चे दीर्घ विश्लेषण प्रसिद्ध केले. चालीच्या आधारे होणाऱ्या विस्ताराची त्यांनी केलेली मांडणी जॅझ समीक्षेत मैलाचा दगड मानली जाते आणि ती तशी आहेच. पण ज्यांच्याविषयी ती होती त्यांना तिने अस्वस्थ केले. आपण अंतःप्रेरणेने केलेल्या गोष्टीमागे इतकी योजना आहे हे वाचल्यावर रॉलिन्स गोंधळले आणि यापुढे स्वतःविषयीची परीक्षणे वाचायची नाहीत असे त्यांनी ठरवले. वाजवताना वाजवणाराच स्वतःकडे पाहू लागला की काय होते, याचा हा बोलका दाखला आहे.

मात्र या लेखावर सगळा ठपका ठेवणे मला पटत नाही. रॉलिन्स यांनी नंतरच्या अनेक मुलाखतींत जे कारण सातत्याने दिले आहे ते साधे आहे: त्यांचे नाव त्यांच्या क्षमतेच्या पुढे निघून गेले होते. जाहिरात मोठी व्हायची, लोक मोठ्या अपेक्षेने यायचे, आणि एखाद्या रात्री आपण त्यांना ते दिले नाही हे त्यांना स्वतःला कळायचे. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या तरी ही बोच जात नसे. वाद्यावरचे काही तांत्रिक कच्चेपण, स्वरसंगतीच्या अभ्यासातल्या काही फटी, तंबाखू आणि अनियमित जगण्याने ढासळणारी प्रकृती, हे सगळे त्यांना दिसत होते. सततच्या दौऱ्यांत ते भरून काढायला वेळ नव्हता.

याच्या जोडीला काळाचा दाबही होता, जरी रॉलिन्स यांनी त्याला फारसे महत्त्व दिलेले नाही. १९५९ हे वर्ष जॅझसाठी विलक्षण ठरले. वसंतात माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ध्वनिमुद्रित झाली, मे महिन्यात जॉन कोल्ट्रेन यांनी ‘जायंट स्टेप्स’चे, टेनरवादनाची तांत्रिक पातळीच उचलणारे, ध्वनिमुद्रण केले, नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात उतरले आणि कॉर्डची चौकटच बाजूला ठेवणाऱ्या त्यांच्या वादनाने शहरात दोन तट पडले. रॉलिन्स यांना यातले कोणीच अनोळखी नव्हते. कोल्ट्रेन मित्र होते आणि १९५६ च्या ‘टेनर मॅडनेस’मध्ये दोघे एकत्र वाजले होते, कोलमन यांच्यासोबत त्यांनी कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी रियाज केला होता. त्यामुळे ते प्रतिस्पर्ध्यांना घाबरून पळाले, ही काही ठिकाणी आढळणारी मांडणी मला अन्यायाची वाटते. पळणारा माणूस दिवसाचे पंधरा-सोळा तास वाद्य हातात धरत नाही.

पुलावर

रॉलिन्स तेव्हा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात ग्रँड स्ट्रीटवर राहत होते. टेनरचा आवाज बंद खोलीत किती दांडगा असतो हे शेजारी राहिलेल्यांनाच कळेल. इमारतीत एक गर्भवती शेजारीण होती, तिला त्रास होईल म्हणून त्यांचा हात आखडत असे; मोकळेपणाने फुंकायला जागा हवी होती. एके दिवशी डिलॅन्सी स्ट्रीटवरून चालताना त्यांना विल्यम्सबर्ग पुलाकडे चढणाऱ्या पायऱ्या दिसल्या. ते वर गेले, पुलावर जवळजवळ कोणी नव्हते, आणि जागा सापडली.

हा पूल १९ डिसेंबर १९०३ रोजी वाहतुकीला खुला झाला. १,६०० फुटांचा त्याचा मुख्य गाळा त्या वेळी जगातल्या झुलत्या पुलांत सर्वांत लांब होता. त्याच्यावरून मोटारी जातात, भुयारी रेल्वेच्या गाड्या उघड्यावर येऊन नदी ओलांडतात, वरच्या अंगाला पादचाऱ्यांची वाट आहे आणि खालून बोटी जातात. रॉलिन्स यांनी लोखंडी सांगाड्यात अशी एक जागा हेरली की गाडीतल्या प्रवाशांना ते दिसू नयेत. तिथे ते दिवसा वाजवत, रात्री वाजवत, हिवाळ्यातही वाजवत. बोटींचे भोंगे आणि गाड्यांचा खडखडाट यांना सूर लावून उत्तर देत. कधी सोप्रानो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी सोबतीला असत.

या जागेचा वादनावर काय परिणाम झाला असेल, हे समजण्यासाठी वाद्याकडे पाहावे लागते. टेनरचा सूर माउथपीसवर बांधलेल्या वेताच्या एका पातळ रीडच्या कंपनातून निघतो. रीडवरचा ओठांचा दाब, जबड्याची ठेवण, घशाची पोकळी आणि पोटातून येणारा श्वासाचा रेटा यांवर त्या सुराचा रंग आणि पट्टीतला अचूकपणा ठरतो. खोलीत भिंती नाद परत आणून देतात, त्यामुळे वाजवणाऱ्याला आपला सूर आहे त्यापेक्षा भरीव भासतो. नदीवरच्या उघड्या हवेत परत येणारे काही नसते. वारा सूर घेऊन जातो. तिथे ऐकू यायचे तर श्वासाच्या मुळापासून फुंकावे लागते, आणि तासन्‌तास तसे फुंकायचे तर ओठ आवळून चालत नाही. रियाजाच्या काळापासून जपलेल्या रॉलिन्स यांच्या वह्यांमध्ये बोटांची ठेवण, ओठांची पकड, पोटाचे स्नायू, वरच्या पट्टीतले स्वर काढण्याच्या युक्त्या यांच्या तपशीलवार नोंदी आहेत. जगाला थक्क करणारी नवी शैली शोधण्याविषयी बोलण्यापेक्षा ते आपल्या करंगळीच्या हालचालीविषयी लिहितात. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. हा माणूस नवीन काही शोधायला गेला नव्हता. जे येते ते कोणत्याही रात्री, कोणत्याही प्रकृतीत, हमखास यावे यासाठी पाया खणायला गेला होता.

वाद्याबाहेरची शिस्तही याच हेतूची होती. त्यांनी धूम्रपान सोडण्याचा निश्चय केला, व्यायाम आणि योगासने सुरू केली, तत्त्वज्ञान आणि अध्यात्माचे वाचन केले, स्वरसंगतीचा अभ्यास पुन्हा हाती घेतला.

दंतकथेत एका व्यक्तीला नेहमी कमी जागा मिळते. या काळात घर चालत होते ते रॉलिन्स यांच्यासोबत राहणाऱ्या ल्यूसिल यांच्या नोकरीच्या पगारावर. दोघांचा विवाह १९६५ मध्ये झाला. पुढे ल्यूसिल यांनी त्यांचे व्यवस्थापन आणि ध्वनिमुद्रणांची निर्मितीही सांभाळली आणि २००४ मध्ये ल्यूसिल यांचे निधन होईपर्यंत ही साथ टिकली. दोन वर्षे कमाई नाकारून रियाज करण्याचा निर्णय जितका रॉलिन्स यांचा, तितकाच तो ल्यूसिल यांच्या कार्यालयातल्या रोजच्या आठ तासांनी शक्य झालेला आहे. प्रकरण अभ्यास म्हणून हे वाचणाऱ्या तरुण कलावंतांनी ही बाजू दृष्टिआड करू नये असे मला कळकळीने वाटते.

जगाला या रियाजाचा पत्ता लागला तो जुलै १९६१ मध्ये. ‘मेट्रोनोम’ मासिकात राल्फ बर्टन यांचा लेख आला, ज्यात वादकाचे नाव बदलले होते आणि पूलही ब्रुकलिन पूल असल्याचे लिहिले होते. खूण पटायला मात्र वेळ लागला नाही.

परतणे आणि निराशेचे सूर

नोव्हेंबर १९६१ मध्ये रॉलिन्स न्यूयॉर्कच्या ‘जॅझ गॅलरी’ क्लबात परत उभे राहिले. पाठोपाठ आरसीए व्हिक्टर कंपनीशी त्या काळच्या जॅझच्या मानाने घसघशीत रकमेचा करार झाला आणि जानेवारी-फेब्रुवारी १९६२ मध्ये ‘द ब्रिज’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. पियानो याही वेळी नव्हता. त्याच्या जागी जिम हॉल यांचे गिटार होते, बेसवर बॉब क्रॅनशॉ आणि बहुतेक रचनांत ड्रमवर बेन रायली. हॉल गोरे होते. ‘फ्रीडम सूट’च्या वेष्टनावर ते निवेदन लिहिणाऱ्या वादकाने आपल्या चौकडीत गोरा सहकारी घेतला म्हणून काहींनी नाके मुरडली, रॉलिन्स बधले नाहीत. हॉल यांच्या हलक्या हाताच्या, जागा सोडत जाणाऱ्या साथीमुळे त्यांना कॉर्डचा आधारही मिळाला आणि त्रिकुटातले मोकळेपणही राहिले. क्रॅनशॉ यांच्याशी तर पुढे अनेक दशके संबंध राहिला.

समीक्षकांपैकी अनेकांची निराशा झाली. दोन वर्षे पुलावर तप करून आलेला माणूस कोलमन आणि कोल्ट्रेन यांच्याही पलीकडचे काही आणेल अशी त्यांची कल्पना होती, आणि हाती आली ती ‘विदाउट अ साँग’, ‘व्हेअर आर यू?’ अशी जुनी गाणी. शीर्षकरचनेत लयीचे झपाट्याने होणारे बदल होते खरे, पण त्याला क्रांती म्हणता येत नव्हते.

मला वाटते, त्यांनी चुकीच्या मापाने मोजले. १९५७ च्या व्हॅनगार्डमधल्या ध्वनिमुद्रणानंतर लगेच ‘द ब्रिज’ ऐकून पाहावी. आधीच्या वादनात ऊर्जा अफाट आहे, पण ती कधी कधी वाक्याच्या शेवटी सूर सोडून देते, घाईत पुढचे पकडते. ‘व्हेअर आर यू?’मध्ये संथ लयीत लांबवलेला प्रत्येक स्वर शेवटच्या कणापर्यंत धरलेला आहे. खालच्या पट्टीतली कुजबुज आणि वरच्या पट्टीतली हाक यांच्यामध्ये सुराचे वजन कुठेच कमी होत नाही. शीर्षकरचनेच्या वेगातही श्वास संपल्याची जाणीव येत नाही. हे बदल मथळ्यांत मावणारे नाहीत, पण दुरुस्ती ज्या जागेची करायची होती ती त्याच जागेची झाली आहे.

शिवाय ज्यांना नवलाई हवी होती त्यांना फार थांबावेही लागले नाही. १९६२ च्या जुलैत, म्हणजे ‘द ब्रिज’नंतर अवघ्या काही महिन्यांत, रॉलिन्स यांनी कोलमन यांच्याच वर्तुळातले डॉन चेरी आणि बिली हिगिन्स यांना सोबत घेऊन ‘अवर मॅन इन जॅझ’चे थेट ध्वनिमुद्रण केले, ज्यात ‘ओलिओ’ पंचवीस मिनिटे चालते आणि वाटेत लय, वेग, दिशा सगळेच पुनःपुन्हा मोडून जोडले जाते. पाया पक्का केल्यावरच त्यांनी ही उडी घेतली, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी हॉकिन्स यांना लिहिलेल्या पत्रात, दीर्घकाळ टिकलेले सांगीतिक कर्तृत्व हे माणसाच्या चारित्र्याचेच फळ असते, अशा आशयाची कृतज्ञता व्यक्त केली आहे. १९६३ मध्ये दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रण केले. त्यात शिष्याने गुरूची नक्कल कटाक्षाने टाळली आहे. तो मुद्दाम खडबडीत, चिरकणारे, अनपेक्षित सूर काढतो, आणि गुरू शांतपणे आपल्या सुरात ठाम राहतो.

पवई

उपाय पुरता कायमचा नव्हता, हे नोंदवले पाहिजे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात संगीत व्यवसायाचा उबग पुन्हा वाढला. १९६६ नंतर १९७२ पर्यंत त्यांची नवी स्टुडिओ ध्वनिमुद्रिका आली नाही, आणि १९६९ पासून सुमारे दोन वर्षे ते पुन्हा रंगमंचापासून दूर राहिले. दुसरे थांबणे पहिल्यासारखे नव्हते. आता प्रश्न बोटांचा किंवा श्वासाचा नव्हता, तर हे सगळे कशासाठी करायचे याचा होता.

याच वर्षांत त्यांचा मुंबईशी संबंध आला. साठच्या दशकाच्या अखेरीस ते पवई येथील स्वामी चिन्मयानंद यांच्या आश्रमात काही महिने राहिले आणि योग व वेदान्ताचा अभ्यास केला. पवई तेव्हा शहराच्या कडेचा, तलाव आणि झाडीचा शांत भाग होता. डोळे मिटून बसले की मन ठरत नाही, ध्यान साधत नाही, ही आपली अडचण त्यांनी स्वामींना सांगितली. त्यावर, तुम्ही वाद्य वाजवता तेव्हा ध्यानच करत असता, असे उत्तर मिळाल्याचे रॉलिन्स यांनी मुलाखतींत सांगितले आहे. कर्मयोगाची ही शिकवण मराठी वाचकाला नवी नाही. पण पुलावर तासन्‌तास एकाग्र झालेल्या माणसाला ती ऐकताना काय वाटले असेल, याचा विचार करावा: जे साधण्यासाठी आपण इतक्या दूर आलो ते आपल्याला आधीपासून येत होते, हे त्याला कोणीतरी अधिकाराने सांगत होते. पुढे १९७८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवातही त्यांचे वादन झाले.

उपाय कितपत लागू पडला

सर्वांत ठोस पुरावा काळाचा आहे. टेनर सॅक्सोफोन हे शरीर झिजवणारे वाद्य आहे. कोल्ट्रेन चाळिसाव्या वर्षी गेले, क्लिफर्ड ब्राउन पंचविसाव्या वर्षी. व्यसन, अपघात, आजार यांनी त्या पिढीची भयंकर हानी केली. रॉलिन्स २०१२ पर्यंत, ऐंशी ओलांडल्यावरही, जाहीर कार्यक्रम करत राहिले, आणि फुप्फुसांच्या आजारामुळे थांबावे लागेपर्यंत रियाज करत राहिले. त्यांची थेट मैफल, विशेषतः साथीदारांना थांबवून एकट्याने केलेले दीर्घ वादन, हा श्रोत्यांसाठी न चुकवण्याचा अनुभव असे. एवढा दमसास आपोआप टिकत नाही.

पण ज्या बोचेसाठी ते पुलावर गेले ती बोच गेली नाही. स्वतःची ध्वनिमुद्रणे ऐकणे त्यांना पुढेही नकोसे वाटत राहिले. १९७२ नंतरच्या त्यांच्या स्टुडिओ ध्वनिमुद्रिका आणि त्याच काळातल्या मैफली यांच्या दर्जात मोठे अंतर असल्याचे त्यांचे चाहतेही मान्य करतात, आणि त्याचे कारण मला या अतृप्तीतच दिसते: स्टुडिओत पुन्हा एकदा वाजवण्याची मुभा असते, आणि ज्याला आपले कोणतेच वादन पुरे वाटत नाही त्याच्यासाठी ती मुभा पायात येते. मैफलीत परत फिरता येत नाही, म्हणून तिथे ते मोकळे होत. १९८० ते २००७ या काळातल्या थेट मैफलींमधून निवडलेल्या ध्वनिमुद्रणांचा ‘रोड शोज’ हा पहिला खंड त्यांनी २००८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या कंपनीतर्फे प्रसिद्ध होऊ दिला, आणि मग त्याचे आणखी खंड आले.